परवाची पिशवी

आज गोखले रोडवर फिरून अंदमानची उरलीसुरली खरेदी केली. परवा अख्खा दिवस स्वराज द्वीपावर, राधानगरच्या किनाऱ्यावर! सनस्क्रीन मुद्दाम झिंक ऑक्साईडचं घेतलं. काही सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळांना बाधतं, आणि ज्यांना बघायला जायचं त्यांनाच कसं दुखवायचं? बॅटरीही घेतली. घड्याळ तिथे आपलंच, पण डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो.

आई म्हणाली, "माझ्यासाठी एखादा शंख आण हं." म्हटलं, "आई, नाही गं आणता येणार. कितीतरी जातींना कायद्याचं संरक्षण आहे, आणि रिकाम्या शंखात खेकडे राहतात." ती जरा गप्प झाली. मग माझा जाड टॉवेल काढून तिने बाबांचा जुना पंचा पिशवीत ठेवला. "हा लगेच वाळतो."