आंबेनळी घाटातला बीएम

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढताना आंबेनळी घाटात एक बीएमचा, म्हणजे उंची मोजून नोंदवलेला बेंचमार्कचा, दगड आहे. त्याने माझी झोप घालवली.

उपग्रहांच्या मोजणीवरून केलेलं गुरुत्वाचं मॉडेल सांगतं की सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, म्हणजे जिऑइड, आपल्याकडे जीपीएस ज्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतो त्याच्यापेक्षा साठ-सत्तर मीटर खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर तो 106 मीटर खाली जातो. आम्हाला हे जमिनीवर पडताळायचं होतं. बेंचमार्कवर जीपीएस लावायचा, आलेल्या उंचीतून रजिस्टरमधली लेव्हलिंगची उंची (समुद्रसपाटीपासून टप्प्याटप्प्याने मोजत आणलेली) वजा करायची आणि उरलं ते मॉडेलशी ताडायचं.

2009 ते 2013 या काळात गोचे (GOCE) हा गुरुत्व मोजणारा उपग्रह जेमतेम 255 किलोमीटरवरून फिरला, तरी त्याला 80-100 किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही. अख्खा घाट त्या एका ठिपक्यात मावतो. बारकावे डोंगराच्या आकारावरून गणिताने भरावे लागतात, आणि तिथे सगळे डोळे मिटून खडकाची घनता 2.67 (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) घालतात. आपला काळा पाषाण त्याहून जड, 2.8-2.9 चा. मी भांडून तो आकडा बदलून घेतला. घाटमाथ्यावरचे फरक लगेच कमी झाले.

फक्त हा एक दगड ऐकेना. शेजारचे बिंदू पाच-सहा सेंटीमीटरमध्ये जुळत होते आणि हा 31 सेंटीमीटर कमी. वरिष्ठ म्हणाले, "काढून टाका तो, अहवाल अडकलाय." मला ते पटलं नाही. मॉडेलशी जुळत नाही म्हणून बिंदू काढायचा, तर मग आपण पडताळतोय तरी काय?

मी चार दिवस मागून घेतले आणि पुन्हा लेव्हलिंग केलं, जाताना आणि येताना दोन्ही. घाटात दुर्बीण एका जागी लावली की पंधरा मीटरच्या पलीकडे दृष्टी टाकता येत नाही. स्टाफचा, म्हणजे आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीचा, खालचा अर्धा मीटर वाचायचा नाही, कारण तापलेल्या डांबरालगतच्या हवेत किरण वाकतो. साडेदहानंतर आकडे नाचायला लागतात, म्हणून उजाडताच सुरुवात. स्टाफ धरणाऱ्या पोराने पट्टी सरळ असल्याचं दाखवणारा बुडबुडा एकदाही हलू दिला नाही. आमच्या खात्यात अशा माणसांना कायम करत नाहीत, याचा मला संताप येतो.

दगड रजिस्टरच्या उंचीपेक्षा 29 सेंटीमीटर खाली निघाला. जवळच्या टपरीवाल्या काकांना विचारलं. "रुंदीकरणात जेसीबीनं उचललेला ना तो. सरकारी दगड म्हणून नंतर नीट बसवून दिला की पोरांनी." त्यांनी खरोखर काळजीने, अगदी सरळ बसवला होता.

म्हणजे मॉडेल बरोबर होतं, जमीन चुकली होती. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. अहवालात तो बिंदू कारणासह वगळला, जुळणीचा आकडा सुधारला.

पण मी पुन्हा मोजला तो फक्त न जुळणारा दगड. बाकीच्यांचे फरक लहान होते, म्हणून त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, मीही नाही. घाट संपतो तिथल्या एका बीएमचा फरक दोनच सेंटीमीटर आहे. माझ्या वहीत त्याच्यापुढे नोंद आहे: चौथऱ्याला नवं सिमेंट.