गुड फ्रायडेचं ड्रेसिंग

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात मी कम्युनिटी नर्स आहे, घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. १९ एप्रिल २०१९ला गुड फ्रायडे होता. आदल्या रात्री क्रेगन वस्तीत पोलिसांच्या झडतीवरून दंगल पेटली, आणि पोलिसांच्या रोखाने झाडलेल्या गोळीने लायरा मकी ही २९ वर्षांची पत्रकार गेली.

सकाळी ज्या घरी गेले तिथले आजोबा सत्तरीतले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तरुणपणी ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेत होते, लाँग केशच्या तुरुंगात वर्षं काढलेली. नडगीवर जुनी, चिघळणारी जखम. मी पट्टी सोडवत होते, रेडिओवर तीच बातमी चालू होती. पुतण्या दारात उभा होता.

"नेम पोलिसांवर होता, तिच्यावर नव्हता."

"पण गोळी चालवायला सांगितलं कोणी?" आजोबांचा पाय माझ्या हातात ताठ झाला. "९८ साली शांतता करारावर मतदान झालंय. इथे ७१ टक्के, सीमेपलीकडे दक्षिण आयर्लंडमध्ये ९४ टक्के लोक कराराला हो म्हणाले."

"आणि १९१८ साली अख्ख्या आयर्लंडने स्वातंत्र्यासाठी दिलेला कौल? सीमा तर अजून तिथेच आहे. काका, तुम्ही केली ती लढाई आणि आमचा तो खून?"

आजोबा गप्प झाले. मी सलाइनने जखम धूत राहिले, दुसरं काय करणार?

१९८६मध्ये डब्लिनच्या संसदेत बसायचं की नाही यावरून आयआरएच्या जवळचा पक्ष शिन फेन फुटला, १९९७मध्ये शस्त्रसंधीवरून आयआरए, हे मी वाचलं होतं. ती फूट एकाच घरात, चहाच्या दोन कपांमध्ये पहिल्यांदा पाहिली. पुतण्याचा प्रश्न मलाही लागला. तरी मला आजोबांचंच पटतं. लोकांनी नको म्हटल्यावर त्यांच्याच नावाने त्यांच्याच गल्लीत गोळी कशी झाडायची?

सोमवारी लायराच्या मैत्रिणींनी ती गोळी झाडणाऱ्या न्यू आयआरए या संघटनेशी जवळीक असलेल्या पक्षाच्या कार्यालयावर लाल रंगाचे पंजे उमटवले. मंगळवारी मी पुन्हा ड्रेसिंगला गेले, तेव्हा त्या संघटनेचा माफीनामा पेपरात आला होता. आम्ही शत्रूवर हल्ला केला तेव्हा लायरा शत्रूच्या शेजारी उभी होती, असं त्यात म्हटलेलं. आजोबांनी तो दोनदा वाचला, घडी घातली.

"आमचीही पत्रकं अशीच असायची," ते म्हणाले, आणि पाय माझ्यापुढे केला.