सरळ रेघेचे लाड

सरळ रेघ ओढणाऱ्याला कोणी कलावंत म्हणत नाही, तो ड्राफ्ट्समन. बडोद्यात मात्र या जमातीला पूर्वीपासून मान आहे. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं तेव्हापासून. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घराचा माळा उपसला, तर मखमली अस्तराच्या पेटीत कंपास, डिव्हायडर आणि रूलिंग पेन अजूनही सापडेल.

याच शहरात १९७२ पासून फाइन आर्ट्सला शिकवणाऱ्या नसरीन मोहम्मदींनी शाई, पेन्सिल आणि आर्किटेक्टच्या टेबलावरची साधनं घेऊन आयुष्यभराचं काम केलं. जन्म कराचीचा, १९३७ चा. शिक्षण लंडन आणि पॅरिसला. त्यांच्या या चित्रांत माणूस नाही, झाड नाही, रंग जवळपास नाहीच. बहुतेकांना नावही नाही नि तारीखही नाही. कोणी या चित्रांना कॉन्सेप्च्युअल, म्हणजे कल्पनाप्रधान म्हणतं, कोणी मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमीवर भागवणारी. दोन्ही शिक्के तोकडेच, कारण ही चित्रं डोक्याइतकीच हाताची आहेत.

हाताची म्हणजे काय, ते रूलिंग पेन धरल्यावर कळतं. दोन पोलादी पाती, मध्ये फट, बाजूला स्क्रू. स्क्रू फिरवला की रेघेची जाडी ठरते. पेन शाईत बुडवायचं नाही. ड्रॉपरने दोन पात्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर शाई सोडायची. जास्त झाली की पहिल्याच टेकीला डाग पडतो, कमी पडली की रेघ अर्ध्यात संपते. पात्यांची बाहेरची बाजू कोरडी हवी, नाहीतर शाई पट्टीखाली शिरते आणि तासाभराचं काम मातीत जातं. पट्टीची कड कागदापासून किंचित उचललेली असावी. पेन जायच्या दिशेला जरासं झुकवून एका चालीनं ओढायचं. रेंगाळलं की तिथे रेघ जाडावते. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हाळ्यात आणि पंख्याखाली शाई पात्यांतच वाळते, तळहाताचा घाम कागदाला लागतो. म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवायचा आणि चोच वरचेवर पुसायची.

शेकडो समांतर रेघांचं गणित आणखी खट्याळ. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून मोजली आणि दर वेळी ०.२ मिलिमीटर चुकलं, तर पन्नासाव्या रेघेला पूर्ण सेंटिमीटरचा घोळ. त्यामुळे पट्टी न हलवता सगळ्या खुणा एकदमच करून घ्यायच्या, ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके घालतात तशा. आडवी-उभी जाळी असेल तर पहिल्या रेघा पूर्ण वाळू द्यायच्या. ओल्यावर ओली गेली की चौकाचौकात शाई साचते. एका बिंदूला मिळणाऱ्या रेघा तर बिंदूपासून बाहेर ओढायच्या, एकेक वाळवत, नाहीतर तिथे काळा गोळा होतो. ब्लेडनं खरवडून चूक पुसता येते, पण त्या जागी कागदाचे तंतू उठतात आणि नवी रेघ फुटते. पेन्सिलच्या रेघेला हे भोग नाहीत; तिथे पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत ओढली की टोक एका बाजूनं झिजत नाही आणि जाडी सारखी राहते.

हे सगळं धडधाकट हातालाही जड जातं. मोहम्मदींना तर मज्जासंस्थेचा आजार होता, हालचालींवरचा ताबा हळूहळू काढून घेणारा. तरीही ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या कामात रेघा कमी आणि नेमक्या होत गेल्या: रिकाम्या पांढऱ्यावर काही तिरप्या, एखादी कमान. जाळी दाट असली तर एखादी चूक खपून जाते, इथे लपायला जागाच नाही. १९९० साली अलिबागजवळच्या किहीमला त्या वारल्या. फोटोही त्या काढत, पण हयातीत त्या फोटोंचं प्रदर्शन झालं नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाचं मेट ब्रॉयर हे दालन २०१६ मध्ये उघडलं, तेव्हाच्या पहिल्या प्रदर्शनांत त्यांचं एक होतं.

त्यांची चित्रं मोबाइलवर बघणार असाल तर एक करा: पूर्ण चित्र बघून थांबू नका. छोट्या पडद्यावर बारीक रेघा एकमेकींत मिसळून नसलेल्याच लाटा दिसू लागतात. एक कोपरा मोठा करून बघा, शाई कुठे दाट आणि कुठे पातळ झाली आहे ते तिथे दिसतं.