कूलर

रात्रीचे पावणेबारा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले, लाइट दोनदा जाऊन आली आणि मी झोपायचं सोडून हे लिहून राहिली. संध्याकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, आणि ती गोष्ट म्हणजे कूलर. हसा.

आजारी मुलांची एक इच्छा, म्हणजे विश, पूर्ण करणाऱ्या संस्थेत मी आणि काका व्हॉलंटियर आहोत. मागच्या रविवारी आम्ही दोघं अशाच एका पोराकडे गेलो होतो, कामठी रोडच्या पलीकडे. दुपारी बाराची वेळ काकांनी ठरवली, कारण नंतर त्यांना लग्नाला जायचं होतं. मला कुठे जायचं असतं का हे कोणी विचारत नाही, मी आपली स्कार्फ-गॉगल बांधून पर्समध्ये कांदा टाकून स्कूटी काढली. घरावर टिनाचं छत. चपला बाहेर, हात धुवून मास्क लावून आत. पोरगा आठ वर्षांचा, ब्लड कॅन्सर. केमोचा जड भाग झालाय म्हणे, पण ट्रीटमेंट अजून दीडेक वर्ष तरी चालणार. आपल्याकडे जसं आज टेंपरेचर किती गेलं विचारतात तसं त्या घरात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, किती आला विचारतात. असं घर मी आधी पाहिलंय, बाबांच्या वेळी, पण ते आज नको.

तर रीतीप्रमाणे काका आईवडिलांना घेऊन कागद करायला दारापाशी बसले आणि मी पोरासोबत, स्केचपेनं आणि ड्रॉइंग पेपर घेऊन. दोघं जातो ते त्याचसाठी, मोठ्यांच्या नजरेसमोर मूल मोठ्यांचंच बोलतं. मी विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय पाहिजे? तो लगेच म्हणाला, "कूलर."

मी हसले. वाईट नाही, पण हसले.

आता माझी बाजू मांडते, कोणी मागितलेली नसताना. ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात की विश मुलाचीच पाहिजे, घरच्यांची नाही. मोठ्या भावासाठी मोबाइल, आईसाठी शिलाई मशीन, हे मुलांच्या तोंडून येतं कधीकधी, आणि त्यात लोभ नसतो, गरज असते, पण ती आपल्याला फॉर्मवर लिहिता येत नाही. आणि इथे टिनाचं छत, बाहेर पंचेचाळीस, नागपुरात मे महिन्यात कूलर कोणाला नको असतो? मला वाटलं, शिकवलंय कोणीतरी. म्हणून मी पुन्हा विचारलं. ते बरं, पण अजून काही? कुठे जायचंय? कोणाला भेटायचंय? काही व्हायचंय? पाहिजे, जायचंय, भेटायचंय, व्हायचंय, फॉर्मच्या या चार खणांतला "व्हायचंय" निघाला की आमच्याकडे सगळ्यांना कसा आनंद होतो हे मी इथे लिहायला नको, लिहून टाकलं. तो गप्प. मग मीच मेट्रोचं काढलं, गड्डीगोदामला कसं खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर पूल आणि सगळ्यात वर मेट्रो, तू ड्रायव्हरच्या बाजूला बसला तर कसं दिसेल, वगैरे वगैरे, मी फार छान सांगत होते. त्याने ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंग तुमीच सांगा ना, काय मांगू?"

चिडून नाही म्हणाला. शाळेत सर उत्तर सांगून देतात का ते विचारतात ना, तसं.

आणि मी काय केलं, तर फॉर्मवर पहिल्या नंबरला मेट्रो लिहिली. दुसऱ्या नंबरला कूलर, आणि पुढे कंसात (बहुधा पालकांची मागणी). माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं. तो कंस मला आत्तासुद्धा डोळ्यासमोर दिसून राहिला.

आज दुपारी संस्थेच्या मॅडमचा फोन आला. डॉक्टरांनी मेट्रोला हो म्हटलंय, मास्क लावून, सकाळी लवकर, गर्दी नको. कूलर मात्र त्यांनी स्वतःच खोडला. साचलेलं पाणी, कूलरच्या जाळीतली ओली ताटी, बुरशी, पांढऱ्या पेशी कमी असलेल्या पोराच्या तोंडावर ती हवा अजिबात नको. हे ऐकून मला काय वाटलं असेल? सुटले. माझी चूक डॉक्टरांच्या पेनाने झाकली. बसल्याजागी एक चहा केला त्या आनंदात.

संध्याकाळी काकांचा फोन, दुसऱ्याच कामाचा, आणि बोलताबोलता म्हणतात, "त्या पोराच्या कूलरचं काय झालं? बिचारा, रोबोट व्हायला निघाला होता." मी म्हटलं, काय? तर त्या दिवशी निघताना काका बाहेर बूट घालत बसले होते, तेव्हा त्याच्या लहान बहिणीने सगळं सांगितलं त्यांना. शेजारच्या घरी मोठा कूलर आहे. गल्लीतली पोट्टी त्याच्यासमोर तोंड नेऊन आऽऽऽ करतात, आवाज थरथरत येतो, रोबोटसारखा. आणि हा त्यात एक नंबर, पूर्ण डायलॉग मारायचा. आजारी पडल्यापासून कोणाच्या घरी जायची बंदी आहे, इन्फेक्शनमुळे. तर आपल्याच घरी असला म्हणजे झालं.

काकांना हे चार दिवसांपासून माहीत होतं. "मला वाटलं तुला सांगितलं असेल त्याने." सांगितलं असतं हो, मी विचारलं असतं तर. काहून पाहिजे बे तुले कूलर, एवढं एक वाक्य. मी "अजून काही?" विचारलं तीन वेळा आणि "काहून" एकदाही नाही.

खरं सांगू तर आधी मला रडूच आलं, आणि ते त्या पोरासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. सुट्टीचा दिवस जातो, पेट्रोल आपलं, घरात "समाजसेविका बाई आल्या" ऐकायचं, सासूबाईंचं तर सोडाच, आणि एवढं करून मी नेमकं काय केलं, तर एका पोराची विश बदलली. ट्रेनिंगमध्ये ती 1980 ची अमेरिकेतली गोष्ट सांगतात ना, अ‍ॅरिझोनातला सात वर्षांचा मुलगा, ल्युकेमिया, त्याला पोलिस व्हायचं होतं, तर तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा युनिफॉर्म शिवला, हेलिकॉप्टरमधून फिरवलं, आणि त्यातून मेक-अ-विश सुरू झालं, भारतात 1996 पासून. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. तेव्हापासून मी माझा पोलिस शोधून राहिली आहे वाटतं प्रत्येक घरात. युनिफॉर्म, टोपी, फोटोत चांगलं दिसेल असं. कूलर कुठे फोटोत चांगला दिसतो.

शेवटी साडेनऊला मॅडमला फोन करून सगळं सांगितलं, नंबर मी उलटे लिहिले हेसुद्धा. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पण कूलर तर नाहीच देता येणार. मी म्हटलं, टेबल फॅनसमोर पण आवाज तसाच येतो, पाणी नाही, ताटी नाही, डॉक्टरांना विचारता येईल. त्या म्हणाल्या, "विश म्हणून टेबल फॅन?" मग हसायला लागल्या, मग मी पण. मग म्हणाल्या, आधी त्याला विचार. त्याला मेट्रो आता खरंच आवडली असली तर? हे मला सुचलंच नव्हतं. म्हणजे मी पुन्हा त्याच्यासाठी ठरवूनच बसले होते, फक्त या वेळी फॅन.

तर रविवारी पुन्हा जायचं आहे. सकाळी आठला, काकांना सांगितलंय लग्न असो की मुंज. स्केचपेनं नेणार नाही.

मघाशी लाइट आल्यावर मी आमच्या कूलरसमोर जाऊन आऽऽऽ करून पाहिलं. किती वर्षांनी, कोण जाणे. आवाज येतो हो, अगदी तसाच. पंप चालू होता हे विसरले, तोंडभर पाणी उडालं. आतून यांचा आवाज, "काय झालं बे?" मी कूलरमधूनच सांगितलं, "मी-ई-ई रो-ओ-ओ-बो-ओ-ओट आ-आ-आहे." जरा वेळ शांतता. मग म्हणे, "बरं. येताना पंप बंद कर, टाकी खाली झाली असेल."