यंत्राचे पैसे मिळाले, माणसाचे मागावे लागले

एप्रिल-मे म्हणजे आमच्या सातपुड्यात आमचूरचा हंगाम. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव, मोलगी भागातल्या पाड्यांवर घरापुढं, छपरावर, जागा मिळेल तिथं कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या दिसतात. कैऱ्या उतरवायच्या, सोलायच्या, चिरायच्या आणि चार-पाच दिवस उन्हात राखायच्या, हे काम बहुतेक बायाच करतात. त्यात मे महिन्यात अवकाळी पाऊस पडला की फोडी काळ्या पडतात आणि मग व्यापारी देईल तो भाव. माल पांढरा आणि स्वच्छ असेल तर भाव वेगळा. म्हणून बचत गटांसाठी सोलर ड्रायर आणि स्टीलच्या पात्यांचे कटर घ्यायचं आमच्या संस्थेनं ठरवलं. (लोखंडी विळीनं चिरलेली कैरी काळपट होते. हे आम्ही बायांना शिकवलं नाही, त्यांनीच आम्हाला सांगितलं.)

संस्था छोटी आहे. मी तिथं हिशोब आणि कागदपत्रं बघते. त्यामुळे पैसे कुठून आणायचे हा विषय फिरून माझ्याच टेबलावर आला. अशाच खटपटीत असलेल्या छोट्या संस्थांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून काढतेय.

पहिली आशा परदेशातून आली. आशियातल्या ग्रामीण भागात तंत्रज्ञान आणि रोजगारासाठी मदत करणाऱ्या एका परदेशी फाउंडेशनला आमची कल्पना आवडली. दोन-तीन ऑनलाइन बैठका झाल्या, प्रश्न नेमके होते, माणसं भली होती. मग त्यांनी एफसीआरए (विदेशी देणगी कायद्याखालचा) क्रमांक विचारला आणि गाडी तिथंच थांबली. विदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिनं आपल्या मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. आमचं वय बसत होतं, खर्च बसत नव्हता. एका विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी घेता येते, पण तिचा निकाल येईपर्यंत त्या फाउंडेशनचं आर्थिक वर्ष संपणार होतं.

"एखाद्या मोठ्या संस्थेच्या खात्यात घ्या आणि त्यांच्याकडून तुमच्याकडे वळवा," असं एका जुन्या कार्यकर्त्यांनी सुचवलं. पूर्वी हे चालायचं. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, तिच्याकडे नोंदणी असली तरी नाही. त्याच दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि पैसे आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरले पाहिजेत असं ठरलं. दुर्गम भागात छोट्या संस्था काम करतात आणि मोठ्यांकडे कागद असतात, या दोघांना जोडणारा पूल त्या दिवशी तुटला असं माझं मत आहे. तर ते पैसे आम्ही नम्रपणे नाकारले.

राहिला सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात कंपनी पैसे देण्याआधी तुमची कुंडली मागते: नोंदणी प्रमाणपत्र, घटना, विश्वस्तांची यादी, पॅन, आयकर सवलतीची १२एबी आणि ८०जी प्रमाणपत्रं, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कुठं काळ्या यादीत नाही याचं हमीपत्र. आणि सगळ्यात आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, जी १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. हा फॉर्म विश्वस्ताच्या डिजिटल सहीनं भरायचा आणि सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटनं तो प्रमाणित करायचा.

डिजिटल सहीसाठी आमच्या अध्यक्षांचं आधार मोबाइलला जोडलेलं हवं होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्याचा आम्हाला कोण अभिमान! पण अध्यक्षांचा जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला. आधी आधार केंद्र, मग सही, मग फॉर्म. विश्वस्त मंडळात झालेला बदलही धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर, म्हणजे तिथल्या संस्थेच्या नोंदीवर, चढलेला लागतो. कंपनीचा माणूस घटनेतली नावं, परिशिष्टावरची नावं आणि बँकेतल्या सह्या शेजारी शेजारी ठेवून बघतो. अर्ज लिहायला बसण्याआधी एवढं एक काम करा, कारण बाकी सगळे कागद त्यावर उभे असतात.

एका गोष्टीचा आम्हाला फायदा झाला. नंदुरबार हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. महाराष्ट्रातले असे चारच: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. कंपन्यांना आपल्या अहवालात हे नाव दाखवायला आवडतं. मागासलेपणाचं प्रमाणपत्र असं कामी येतं म्हणून हसावं की रडावं ते कळत नाही, पण आम्ही ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं.

मग प्रत्यक्ष प्रस्ताव. आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट असे रकाने, बेसलाइन सर्व्हे, तीन विक्रेत्यांची कोटेशनं, तुलनात्मक तक्ता. रकान्यांना मी नावं ठेवणार नाही. 'किती बायांच्या मालाला आज काय भाव मिळतो' हे त्या सर्व्हेच्या निमित्तानंच आम्ही पहिल्यांदा नीट लिहून काढलं, आणि एकाच पाड्यावर एकाच आठवड्यात तीन वेगळे भाव सापडले. यंत्रापेक्षा तराजू आणि फोन आधी द्यायला हवेत की काय, अशी चर्चा त्यावरून आमच्यात रंगली. शेवटी गटासाठी वजनकाटाही बजेटमध्ये घातला.

कंपनीचे अधिकारी पाहणीला आले तो प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. चांदसैलीचा घाट चढून ते पाड्यावर पोचले तेव्हा बाया कैऱ्या सोलत होत्या. साहेबांनी पायातले बूट काढले, गोधडीवर बसले, चहा घेतला. मग त्यांनी एका मावशींना विचारलं, "मावशी, हे मशीन आल्यावर तुमच्या आयुष्यात काय बदल होईल?" आमच्या कार्यकर्तीनं ते पावरी बोलीत सांगितलं. मावशी हातातली कैरी सोलत राहिल्या आणि म्हणाल्या, "ते बंद पडल्यावर कोण येणार, ते आधी सांगा." साहेब हसले. मावशी हसल्या नाहीत. गावात आधी आलेली सोलरची पिठाची गिरणी पंख्याच्या किरकोळ बिघाडानं बंद पडून होती आणि कोणाला फोन करायचा तर टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नव्हती.

तो प्रश्न मी जशाच्या तसा प्रस्तावात घातला आणि बजेटमध्ये एक ओळ वाढवली: गावातलीच एक बारावी झालेली मुलगी, ड्रायरची देखभाल करणारी, महिन्याला ठरावीक मानधन आणि फिरण्याचं भाडं. विक्रेत्याकडून तिला पंखे बदलणं, वायरिंग तपासणं, पॅनल पुसणं शिकवायचं. ड्रायरमधल्या प्रत्येक खेपेची नोंद तिनं ठेवायची, किती किलो ओला माल आत गेला आणि किती वाळून बाहेर आला.

बजेट परत आलं तेव्हा ड्रायर मंजूर, कटर मंजूर, काटा मंजूर, दात्याच्या नावाचा फलकसुद्धा मंजूर. मुलीची ओळ लाल. शेरा होता: 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नेता येणार नाही.' त्याऐवजी विक्रेत्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवा, अशी सूचना.

बरेच जण इथं मान खाली घालून सही करतात. देणाऱ्याशी वाद कसा घालायचा, असं वाटतं. पण नियम उघडून वाचला तर तो आपल्या बाजूचा निघतो. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासनाला. एखाद्या ठरावीक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येत येत नाही, हे सीएसआर नियमांतल्या प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. मी ते कलम, सीएंचं पत्र आणि बंद गिरणीचा फोटो असं तिन्ही एका मेलला जोडून पाठवलं. फोटोत गिरणीच्या पात्यांवर कोळ्याची जाळी होती. कलमानं काम झालं की फोटोनं, मला माहीत नाही. फोन आला, "मॅडम, बारा महिन्यांचं मानधन घालू. पुढचं गटानं बघायचं." मी हो म्हटलं. दोन वर्षं मागायला हवी होती असं आमच्या सचिवांचं म्हणणं, पण बारा महिन्यांत निदान एक हंगाम पूर्ण बसत होता.

करारनाम्यासाठी ५०० चा स्टॅम्प लागला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० चा चालत नाही. करारात मी दोन ठिकाणी अडून बसले. एक, यंत्रांची मालकी. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती संस्थेच्या, लाभार्थी गटाच्या किंवा सरकारी यंत्रणेच्या नावावर जाते. आम्ही सरळ गटांच्या नावावर केली. संस्था उद्या असेल-नसेल. दोन, फलकाचा मजकूर. देणगीदाराबद्दल कृतज्ञता म्हणून नाव लावलं तर जीएसटीचा प्रश्न येत नाही, पण तीच पाटी कंपनीच्या मालाची जाहिरात झाली तर येतो. त्यांच्या मार्केटिंग विभागानं पाठवलेल्या पाटीत उत्पादनाचा फोटो होता, तो काढायला लावला.

पैसे हप्त्यानं आले आणि पहिला हप्ता आला तो मार्चच्या तोंडावर. कंपन्यांचंही वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत मेलला उत्तर न देणारी माणसं मार्चमध्ये रात्री नऊला फोन करतात. घाई करू नका. काम पुढच्या वर्षात चालणार असेल तर कंपनी तो 'चालू प्रकल्प' म्हणून ठरवू शकते आणि उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत खर्च करू शकते. हे लेखी घेतलं नसतं तर आमच्याकडून मार्चअखेरीस ड्रायरची बिलं मागितली गेली असती आणि ड्रायर आले असते पावसाळ्यात.

बाकीचं पटापट सांगते. ड्रायर एप्रिलमध्ये चढले. पॉलिकार्बोनेटचे पत्रे घाटातल्या वळणांवर वाहनातून उतरवून खांद्यावर न्यावे लागले. फोडी दोन-अडीच दिवसांत वाळू लागल्या. मेमध्ये पाऊस आला तेव्हा आतला माल वाचला, अंगणातला गेला. एका पाड्यावरचा ड्रायर मात्र पूर्ण हंगाम रिकामा राहिला, कारण ज्या जागेवर तो बसवला तिच्यावरून दोन भावांत वाद होता आणि अजून आहे. अहवालात तेही लिहिलं. 'चॅलेंजेस' नावाचा रकाना असतो, तो बहुतेक संस्था पावसावर आणि रस्त्यांवर भागवतात. आम्ही नाव न घेता भावांवर लिहिलं.

आमच्या त्या मुलीनं, सगळे तिला ताईच म्हणतात, हंगामात पंख्यांची जोडणी कितीदा तरी सोडवून पुन्हा बसवली. उंदीर वायर कुरतडतात हे विक्रेत्याच्या माहितीपुस्तिकेत कुठंच नाही. तिनं जुन्या ठिबकच्या नळीचे तुकडे चिरून वायरीवर चढवले. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी कंपनीनं तिच्या नोंदवहीची झेरॉक्स मागवली आणि तीच त्यांच्या बैठकीत दाखवली, असं नंतर कळलं. उपयोगिता प्रमाणपत्रावर सीएंची सही आणि यूडीआयएन (सीएंच्या प्रत्येक दाखल्याचा ओळख क्रमांक) पडला, शेवटचा हप्ता आला, फाइल बंद झाली. यंदा त्या कंपनीचा भर शाळांवर आहे, त्यामुळे तिथून पुढं काही नाही.

झालेला खर्च मात्र आमच्या जमाखर्चात चढला, आणि तीन वर्षांच्या १५ लाखांच्या हिशोबात तो धरता येईल असं सीए म्हणतात. एफसीआरएच्या अर्जाचे कागद गोळा करायला घेतलेत. मानधनासाठी गटांनी किलोमागे ठरावीक वर्गणी काढायचा ठराव केला. बैठकीत ताईनं हात वर करून विचारलं, "आणि भाडं?" बऱ्याच वादावादीनंतर भाडं वेगळं द्यायचं ठरलं, इतिवृत्तात तशी नोंद आहे.