तुम्ही विचारलंत म्हणून: तो अर्धा माणूस पडत कसा नाही?

बंदराच्या धक्क्यावरून निघालेला एक माणूस. हातात बॅग, चालण्यात घाई, आणि छातीपासून मांडीपर्यंत काहीच नाही. मधल्या पोकळीतून मागचं पाणी दिसतं. मी शिल्पकलेचे वर्ग घेते, त्यामुळे हा फोटो कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवरून माझ्यापर्यंत येतोच, आणि सोबत प्रश्न: हे खरं आहे की कॉम्प्युटरवर केलंय? खरं असेल तर वरचा भाग पडत कसा नाही?

खरं आहे, आणि ब्राँझचं आहे. ब्रुनो कातालानो या फ्रेंच शिल्पकाराचं. त्याचा जन्म १९६० सालचा, मोरोक्कोतला. घराणं मूळ सिसिलीचं. सत्तरच्या दशकात हे कुटुंब मोरोक्को सोडून फ्रान्सला आलं. पुढे त्याने काही काळ जहाजावर खलाशाचं काम केलं. या माणसांच्या मालिकेला त्याने ‘प्रवासी’ असंच नाव दिलं आहे. २०१३ मध्ये मार्से शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हा असे दहा पूर्णाकृती प्रवासी तिथल्या बंदरावर उभे होते.

आता पडण्याचं. बॅगेकडे बघा. वरच्या भागाचा हात खाली येतो, मुठीत बॅग धरतो, आणि बॅग कुठेतरी पायाला किंवा कोटाच्या घोळाला टेकलेली असते. वरच्या धडाचं सगळं वजन त्या हातातून, बॅगेतून पायात उतरतं. आपल्याला वाटतं माणसाने बॅग उचलली आहे. खरं तर बॅगेने माणूस उचलला आहे. ज्याला देश सोडावा लागला त्याच्याबद्दल याहून नेमकं काही सांगता येईल असं मला वाटत नाही. आणि हे सांगायला त्याने वेगळं प्रतीक शोधलेलं नाही, तोल सांभाळायला लागणारा आधारच बोलतो.

संगमरवरात हे जमलं नसतं. ग्रीक ब्राँझ मूर्तींच्या रोमन नकला संगमरवरात झाल्या, तेव्हा पायाशी झाडाचा बुंधा कोरावा लागला, कारण दगडाचे घोटे एवढं वजन पेलत नाहीत. ब्राँझ चिवट असतं. मातीच्या मूळ मूर्तीवरून साचा, साच्यातून पोकळ मेण, मेणाभोवती उष्णता सोसणारं कवच. मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी हजार अंशांच्या वर तापलेला रस ओतायचा. मूर्ती आतून पोकळ राहते, भिंत काही मिलिमीटरची. म्हणून ती हलकी होते आणि एका हातावर तोलून राहू शकते.

धडाच्या जागची ती आरपार पोकळी सुचली कशी, तर २००४ मध्ये कातालानोच्या सिरानोच्या (एका फ्रेंच नाटकाचा नायक) मूर्तीत दोष निघाला आणि त्याने छातीचा भाग फोडून काढला. पुढचं सगळं त्या भगदाडातून आलं.

याला सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्नातल्यासारखं अशक्य ते खरं असल्यागत दाखवणारं, म्हणायचं का, हेही विचारता. मी म्हणते. रने माग्रीत या बेल्जियन सर्रिअलिस्ट चित्रकाराने १९३७ मध्ये प्रवाशासारखा दिसणारा एक बसलेला माणूस रंगवला होता: टोपी, काठी, पिशवी, आणि धडाच्या जागी उघडा पिंजरा. तीस वर्षांनी, १९६७ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने आपल्या काही चित्रांची ब्राँझ शिल्पं करायला घेतली, त्यात हाही होता. कॅनव्हासवर अशक्य गोष्ट रंगवायला गुरुत्वाकर्षणाची परवानगी लागत नाही. धातूत लागते. म्हणून चित्रातलं स्वप्न आपण स्वप्न म्हणून बघतो, आणि धातूतलं स्वप्न दिसलं की त्याला वळसा घालून मागून बघावंसं वाटतं. मला शिल्पातला सर्रिअलिझम जास्त भिडतो तो यामुळे.

एक मात्र सांगते. कातालानोने व्हॅन गॉगलाही प्रवासी केलं आहे. ते शिल्प मला तितकं आवडत नाही. ओळखीचा चेहरा दिसला की त्या पोकळीत आपण लगेच त्याचं चरित्र भरून टाकतो. निनावी कामगार, सुरकुतलेला कोट घातलेला कुणी एक, तिथे ती जागा मोकळी राहते. कधी मार्सेला किंवा आणखी कुठे यातला एखादा समोर आला, तर अशा अनोळखी माणसापाशी थांबा, आणि फोटो काढण्याआधी बॅगेच्या बाजूला जाऊन जोड कुठे आहे ते शोधा.