बॉलला हात न लावणाऱ्याची पारख

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकन फुटबॉल बघताना माझी नजर बॉलवर नसते, हे शिकागोतल्या आमच्या मित्रमंडळींना एव्हाना ठाऊक झालंय. त्यामुळे प्रश्नही ठरलेला: ज्याच्या नावावर ना टचडाउन ना यार्ड, असा कॉलेजचा लाइनमन, म्हणजे बॉल फेकणाऱ्याची ढाल होणारा खेळाडू, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकेल हे कशावरून ओळखायचं?

आधी पाय बघायचे. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा; त्याच्या डाव्या बाजूचा लाइनमन, लेफ्ट टॅकल, घ्या. खेळ सुरू झाला की तो तिरका मागे सरकतो. बाहेरचा पाय आधी, आतला मागोमाग. हे दोन पाय जुळले की संपलं, क्वार्टरबॅकवर धावून येणारा समोरचा खेळाडू त्याच क्षणी आतून घुसतो. मग हात. घाईने टाकले तर समोरचा झटकून देतो, उशीर केला तर तोच आधी छातीला भिडतो. सगळा मामला अडीच-तीन सेकंदांचा. हरतात सगळेच, पण हरल्यावर कंबर खाली घेऊन सावरतो, की जर्सी धरून पेनल्टी ओढवून घेतो, हे मी रिवाइंड करून करून बघते. टॅम्पा बे संघाचा टॅकल ट्रिस्टन वर्फ्स शाळेत असताना आयोवाचा हेवीवेट कुस्ती चॅम्पियन होता. तोल गेल्यावर त्याचं सावरणं बघा, आखाडा लपत नाही.

पण कॉलेजच्या मॅचच्या फिल्ममध्ये अशी परीक्षा फार कमी वेळा होते. बरेच संघ बॉल झटकन फेकून मोकळे होतात, लाइनमनला धड धक्काही बसत नाही. असे प्ले मी सरळ वगळते. उरतात ते थर्ड डाउनचे, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाचे, दहा-बारा यार्ड हवेत आणि पास येणार हे पॉपकॉर्नवाल्यालाही कळलेलं आहे असे. एका मॅचमध्ये ते मोजकेच असतात.

ऑक्टोबर 2019 मध्ये आमच्या शेजारच्या एव्हनस्टनमध्ये ओहायो स्टेटने नॉर्थवेस्टर्नला (दोन्ही कॉलेजचे संघ) 52-3 असं धुतलं. स्कोअर बघून कोणीही टीव्ही बंद केला असता. पण नॉर्थवेस्टर्नचा लेफ्ट टॅकल होता रशॉन स्लेटर, आणि समोर चेस यंग, त्या सीझनला 16.5 सॅक काढलेला, म्हणजे तितक्यांदा क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडलेला, आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, दुसराच उचलला गेलेला. यंग बाहेरून आला, आतून आला, अंगावर आला; स्लेटरचे पाय काही जुळेनात. 2020 चा सीझन कोविडमुळे तो खेळलाच नाही, म्हणून ड्राफ्टआधी सगळे पुन्हा पुन्हा हीच फिल्म लावत होते.

आणि तरी चर्चा कसली? त्याचे हात 33 इंच, टॅकलला 34 हवेत, तेव्हा याला गार्ड, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन, करा! एनएफएलच्या चार्जर्स संघाने 2021 मध्ये तेराव्या क्रमांकावर घेऊन त्याला लेफ्ट टॅकललाच ठेवलं. पहिल्याच वर्षी प्रो बोल, म्हणजे सीझनच्या निवडक खेळाडूंत स्थान. क्लीव्हलंडचा लेफ्ट टॅकल जो थॉमस, त्याचे हात तर याहून आखूड होते, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये आहे.

मोजमापं टाकाऊ नाहीत. आखूड हातांच्या टॅकलला समोरचा आधी भिडणार, म्हणजे पाय जास्तच चोख हवेत, एवढं त्यातून कळतं. पण 2018 च्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, ओक्लाहोमाचा टॅकल ऑर्लँडो ब्राउन चाळीस यार्डांना 5.85 सेकंद घेऊन हशाचा विषय झाला आणि ड्राफ्टमध्ये थेट 83 व्या क्रमांकावर घसरला. पुढे चार वेळा प्रो बोल, शिवाय कॅन्सस सिटीबरोबर सुपर बोल, म्हणजे लीगचं विजेतेपद. लेफ्ट टॅकलला चाळीस यार्ड सरळ पळायची वेळ येते तरी कधी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

गुडघे मात्र फिल्ममध्ये दिसत नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये सरावातच स्लेटरच्या गुडघ्याचा टेंडन फाटला आणि अख्खा सीझन गेला. नव्या करारावर सही होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते.